तिसऱ्या डिस्कची खरखर

हार्ड डिस्क एकदा उघडी पाहिली, की माणूस पुन्हा तिला टेबलावर आपटून ठेवत नाही. मी पहिली मेलेली डिस्क उघडली ती अब्बांच्या समोर. अब्बा घड्याळजी. जळगावातल्या त्यांच्या दुकानाचा अर्धा भाग त्यांनी मला कॉम्प्युटरच्या कामासाठी मोकळा करून दिला होता. डिस्कचं झाकण निघालं तेव्हा आत आरशासारख्या लखलखीत थाळ्या, आणि त्यांच्यावर पोहोचणारा एक बारीकसा हात. मी त्यांना सांगितलं, की थाळी मिनिटाला हजारो वेळा फिरते आणि हाताच्या टोकाची सुई तिला कधी टेकत नाही, वर तरंगत राहते. मधलं अंतर इतकं कमी, की थाळीवर बोटाचा ठसा उमटला तर सुई त्या ठशाला धडकेल. अब्बांनी डोळ्याला भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "याला तेल कुठं घालतात?"

"घालत नाहीत, अब्बा."

"मग चालतं कसं?"

तेव्हा मला नीट सांगता आलं नव्हतं. आज या धंद्यात तीस वर्षं काढून, दुकान भाच्याकडे सोपवून मी घरी बसलोय, तरी पूर्ण सांगता येईल असं वाटत नाही.

माझं काम मात्र सोपं सांगता येतं. लोकांना आपल्या फाइली कुठेतरी ठेवायच्या असतात. दुकानात येणारा प्रत्येक माणूस विचारतो, "किती टेराबाइटची घेऊ?" मी उलट विचारायचो, "गेलं तर रडाल असं त्यात काय आहे?" या प्रश्नाचा पुष्कळांना राग यायचा. नशिराबादचा एक लग्नाचं शूटिंग करणारा गडी असाच रागावून गेला. सगळ्यात मोठी, सगळ्यात भारी डिस्क घेऊन गेला, पण एकच. सहा महिन्यांनी तीच डिस्क टॉवेलात गुंडाळून घेऊन आला. मोटारसायकलवरून पडली होती. तीन लग्नं त्या टॉवेलात होती. त्यातल्या एका नवरीचे वडील लग्नानंतर पंधरा दिवसांत गेले होते. मला त्यातलं काहीच काढता आलं नाही. तेव्हापासून घरी किंवा ऑफिसात ठेवायचं साठवणीचं मशीन, ज्याला आम्ही सर्व्हर म्हणतो, ते बांधून देताना मी जास्त वेळ घ्यायला लागलो.

पण या धंद्यात मी खरा अवाक झालो तो एका गिऱ्हाइकामुळे. त्या गिऱ्हाइकाचं नाव सुमन अक्का.

एका सकाळी दुकानात फोन वाजला. "मी धुळ्याहून बोलते. मला घरासाठी सर्व्हर बांधून पाहिजे. मी आठ प्रश्न विचारणार आहे. आधी कागद-पेन घ्या."

आवाज असा स्वच्छ, की बोलणाऱ्या बाई समोर बसल्यात असं वाटावं. मी कागद घेतला.

पहिलाच प्रश्न असा, की मी सावरून बसलो. "तुम्ही देता त्या डिस्कवर पट्टे एकमेकांवर चढवलेले असतात की वेगवेगळे?"

हे आमच्याकडे कोणी विचारत नाही, म्हणून जरा सांगतो. काही डिस्कमध्ये जास्त मजकूर मावावा म्हणून लिहिण्याचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. वाचायला काही त्रास नाही. पण मधलं एक कौल बदलायचं तर त्याच्यावर चढलेली सगळी उचलून पुन्हा बसवावी लागतात. घरी फोटो ठेवायला अशी डिस्क ठीक. चार डिस्कचा संच करून सर्व्हर चालवायचा, तर ती ऐन गरजेच्या वेळी गुडघे टेकते.

दुकानात गर्दी होती. मी म्हणालो, "बाई, सगळ्या सारख्याच असतात हो."

पलीकडून त्याच स्वच्छ आवाजात, "नसतात. तुम्हाला माहीत नसेल तर 'पाहून सांगतो' म्हणा. मी थांबते."

मला माहीत होतं, हेच तर वाईट होतं. मी माफी मागितली आणि उरलेल्या सात प्रश्नांची उत्तरं नीट दिली. मेमरी स्वतःची चूक स्वतः पकडणारी आहे का, पंखे किती मोठे आहेत, मशीन रिकामं बसलेलं असताना किती वीज खातं, असे ते प्रश्न. शेवटचा होता, "मशीन चालू असताना आवाज किती येतो?" मी म्हणालो, आवाज असा काही विशेष नाही. त्या म्हणाल्या, "मी येऊन ऐकते."

मला वाटलं, बोलण्याची पद्धत. चार दिवसांनी धुळ्याच्या एसटीतून उतरून, हातातली पांढरी काठी दुकानाच्या उंबऱ्याला टेकवत एक साठीच्या बाई आत आल्या तेव्हा मला कळलं. "सलीमभाऊ कोण?" त्या म्हणाल्या. मी "या" म्हणालो, तशा थेट माझ्याकडे वळल्या. "हां. फोनवर तुम्ही जाड वाटता. तितके नाही."

अक्का मूळच्या पिंपळनेरच्या, शेतकऱ्याघरच्या. आठव्या वर्षी तापात डोळे गेले. शिक्षण अंधशाळेत, आणि नोकरी धुळ्यातल्या एका कार्यालयात टेलिफोन ऑपरेटरची, थेट निवृत्तीपर्यंत. आता घरी बसून त्या जे काम करत होत्या ते त्यांनी चहा पिता पिता सांगितलं. धुळे-जळगावकडची अंध मुलंमुली स्पर्धा परीक्षांना बसतात, पण त्यांच्यासाठी ब्रेलमध्ये सगळी पुस्तकं मिळत नाहीत. मग कोणी शिक्षक, कोणी गृहिणी, कोणी निवृत्त कारकून ती पुस्तकं मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करतात. ती रेकॉर्डिंगं अक्कांकडे येतात. त्या ती ऐकतात, खोकला, कुकरची शिट्टी, चुकलेलं वाक्य कापून काढतात, प्रकरणवार लावतात आणि मुलांना देतात. हे सगळं तोवर पेन ड्राइव्हवर आणि सुट्या डिस्कवर पसरलेलं होतं. त्यातल्या दोन डिस्का वर्षभरात बंद पडल्या होत्या.

"इंटरनेटवर कुठे भाड्याची जागा घेऊन का ठेवत नाही?" मी विचारलं.

"लोकांनी घसा कोरडा करून मला दिलंय ते," अक्का म्हणाल्या. "मला हात लावता येईल अशा जागी पाहिजे."

दुसरीही एक अडचण होती. ज्या प्रोग्रामवर त्या पुस्तकांची प्रकरणं लावायच्या, तो फक्त जुन्या विंडोजवर चालायचा. नवीन कॉम्प्युटर तो घेत नव्हता आणि जुना कॉम्प्युटर मरायला टेकला होता. यावर आमच्याकडे उपाय असतो. एकाच मशीनच्या पोटात दोन-तीन मशीनं चालवायची. एका घरात वेगवेगळ्या चुली मांडाव्यात तसं. एकीवर जुनं विंडोज, दुसरीवर मुलांना फाइली देणारं काम, तिसरीवर काही नवीन करून पाहायला मोकळी जागा. एक चूल विझली तरी दुसरीला पत्ता नसतो.

मी त्यांना माझ्याकडचा सगळ्यात दणकट माल दाखवला. मोठ्या कंपनीतून निघालेला जुना, चपटा सर्व्हर, चोवीस तास चालण्यासाठीच केलेला. बटण दाबलं. विमान उठावं तसे त्याचे लहान लहान पंखे किंचाळले. अक्कांनी दहा सेकंद ऐकलं आणि हात वर केला. मी बंद केला.

"सलीमभाऊ, माझं घर कानावर चालतं," त्या म्हणाल्या. "दूध वर आलं, दारात कोणी उभं राहिलं, नळ गळतोय, सगळं मला ऐकू येतं. हे आणून ठेवलंत तर मी घरात दुसऱ्यांदा आंधळी होईन."

तोवर कित्येक वर्षं मी सर्व्हर विकले होते. पंख्याच्या आवाजाला गिऱ्हाइकाची कुरकुर समजून ऐकून घेत आलो. त्या दिवशी पहिल्यांदा मी आवाजापासून सुरुवात करून मशीन बांधलं. मोठा, उभा डबा. मोठे, सावकाश फिरणारे पंखे. कमी वेगाच्या डिस्का. अक्कांनी तीन डब्यांच्या आतून हात फिरवून एक निवडला. एकाला आतून धार होती, दुसऱ्याची धूळ गाळणारी जाळी पाठीमागे होती. "ही मला काढता येणार नाही म्हणजे धुतली जाणार नाही." हे बारा वर्षं त्याच कंपनीचे डबे विकून माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आता चार डिस्का. चार का, तेही सांगतो. तीन आकडे कागदावर लिहा आणि चौथ्या जागी त्यांची बेरीज लिहा. चारांतला कुठलाही एक पुसला गेला तरी उरलेल्या तिघांवरून तो काढता येतो. चार डिस्कच्या संचाचं तत्त्व हेच. एक मेली तर काही जात नाही, नवीन बसवायची, मशीन तिच्यावर सगळं पुन्हा मांडून देतं. मात्र त्याच वेळी दुसरी मेली तर सगळं संपलं.

म्हणून चारही एका खोक्यातल्या, एका दिवशी बनलेल्या घेऊ नयेत. एकीत जो दोष असेल तो बहिणींतही असायची शक्यता. अक्कांनी हे विचारलं होतं. "दोन दुसऱ्या दुकानातून आणा." माझ्याकडे चार होत्या, एकाच खोक्यातल्या, पाठोपाठच्या नंबरांच्या. मी म्हणालो, "अक्का, मी चारही चार-चार दिवस चालवून, प्रत्येक कोपरा लिहून-वाचून तपासून देतो." आणि तपासल्याही. चारही उत्तम पास.

तयार मशीन ऐकायला आल्या तेव्हा अक्कांनी चालू डिस्कवर एकेक करून तळहात ठेवला. मग कान जवळ नेला. तिसरीवर थांबल्या.

"हिच्या सुराखाली काहीतरी शे," त्या म्हणाल्या. विचारात असल्या की अक्कांच्या तोंडात पिंपळनेरची अहिराणी येते. "खरखर. पावसाळ्यात टेलिफोनच्या तारेत ओल शिरली की यायची तशी."

मी कान लावला. मला चारही सारख्याच गुणगुणताना ऐकू आल्या. मी रिपोर्ट वाचून दाखवला. एकही खोट नाही.

"असेल," अक्का म्हणाल्या. "मला ऐकू आलं ते मी सांगितलं. जाणकार तुम्ही."

मी ती डिस्क बसवली.

धुळ्याला त्यांच्या घरी मशीन लावायला गेलो तेव्हा मी त्यांना चित्रांचं पान दाखवत होतो, ज्यावर बटणं दाबून पोटातली मशीनं चालू-बंद करता येतात. त्यांचा बोलणारा प्रोग्राम त्या पानावर नुसता "बटण, बटण, बटण" म्हणत राहिला. अक्कांनी ते बंद केलं. काळ्या पडद्यावर थेट हुकूम टाइप करायची वाट उघडली आणि कामाला लागल्या. प्रोग्राम त्यांना उत्तरं वाचून दाखवत होता, ती इतक्या वेगात, की मला नुसती भुणभुण ऐकू येत होती. अर्ध्या तासात त्यांनी तिन्ही मशीनं उभी केली. मला चित्रांवरून दीड तास लागतो. मी हळूच विचारलं, "हे हुकूम कुठे शिकलात?"

"एक माणूस इंटरनेटवर समजावून सांगतो. आवाज फार कंटाळवाणा शे त्याचा. पण खरं सांगतो."

एक काम राहिलं होतं. चार डिस्कचा संच एका डिस्कच्या मरणापासून वाचवतो. आग, वीज, चोरी किंवा चुकून दाबलेलं बटण यांपासून नाही. त्यासाठी दुसरी प्रत दुसऱ्या गावात पाहिजे. ठरलं असं होतं, की मी जळगावात मेहरूणमधल्या माझ्या घरी एक लहान मशीन लावीन आणि अक्कांच्या मशीनची प्रत रोज तिकडे येईल. मी म्हणालो, "पुढच्या महिन्यात करून टाकतो."

दर महिन्याला अक्कांचा फोन यायचा. आधी सांगायच्या, की मशीननं सगळ्या डिस्का तपासल्या, बठ्ठं ठीक शे. मग म्हणायच्या, "तिसरी अजून तशीच बोलते." मी म्हणायचो, "रिपोर्ट स्वच्छ आहे ना? मग झालं." शेवटी विचारायच्या, "आणि दुसरी प्रत?" मी म्हणायचो, "पुढच्या महिन्यात, अक्का." कधी लग्नसराई होती, कधी शाळांची कामं होती. कारणं सगळी खरी होती.

दीड वर्षानंतर, मे महिन्यात फोन आला. "सलीमभाऊ, एक डिस्क गेली. पहिली."

"पहिली?"

"हो. तिनं काही सांगितलंच नाही. सकाळी होती, दुपारी नाही."

मी नवीन डिस्क घेऊन दुसऱ्या दिवशी धुळ्याला गेलो. निश्चिंत होतो. असल्या दुरुस्त्या मी शेकड्यांनी केल्यात. जुनी काढली, नवी बसवली, मशीन उरलेल्या तिघींवरून बेरजा-वजाबाक्या करून नवीवर लिहायला लागलं. या कामात उरलेल्या तिघींना अखंड राबावं लागतं. आणि मेमधलं धुळं. खोलीतल्या भिंतींना हात लावला तर तापलेल्या होत्या.

तासाभरानं अक्का स्वयंपाकघरातून आल्या. "थांबवा."

"अक्का, अजून बारा टक्केच..."

"थांबवा म्हणते! तिसरी अडखळते."

माझ्या पडद्यावर काही नव्हतं. तरी मी हात कीबोर्डकडे नेला, आणि तेवढ्यात पडद्यावर लाल ओळ आली. तिसरी डिस्क वाचता येत नाही. मग आणखी एक ओळ. मी मशीन बंद केलं.

पहिली मेलेली, तिसरी मरणाच्या दारात. तिसरी गेली की आठ वर्षांची रेकॉर्डिंगं गेली. मुलांची परीक्षा तीन आठवड्यांवर होती. आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती.

"अक्का," मी म्हणालो, "दुसरी प्रत मी केली नाही."

"माले म्हाईत शे. दर महिन्याला मीच विचारत होते."

"मग रागवा ना."

"रागवायला मशीन चालू पाहिजे. आधी काय करता येईल ते सांगा. रागवेन मी नंतर."

करण्यासारखं एकच होतं. तिसरी डिस्क बाहेर काढायची, धुळ्याच्या बाजारातून आणलेल्या आणखी एका नवीन डिस्कवर तिची हुबेहूब नक्कल उतरवायची, थोडी थोडी करून, आणि मग मूळ डिस्कच्या जागी ती नक्कल बसवायची. यासाठी एक प्रोग्राम आहे. जिथे वाचता येत नाही ती जागा सोडून तो पुढे जातो, सोडलेल्या जागा लिहून ठेवतो आणि कधीही थांबवून पुन्हा चालू करता येतो. पण आजारी डिस्क एखाद्या जागी अडली, की हट्टानं तीच जागा पुन्हा पुन्हा वाचत बसते. कॉम्प्युटरला ती लगेच काही कळवत नाही. बाहेर चूक दिसायला कित्येक सेकंद जातात, आणि तेवढ्यात सुई थाळीला घासून आणखी नुकसान करू शकते.

हे मी अक्कांना सांगितलं. त्या उठल्या, आत गेल्या आणि लाटणं घेऊन आल्या.

लाटण्याचं एक टोक त्यांनी डिस्कच्या कडेला अलगद टेकवलं आणि दुसरं कानामागच्या हाडाला. "पंखा बंद करा," म्हणाल्या.

"अक्का, या उकाड्यात पंखा बंद केला तर डिस्क तापेल."

"पंख्यात मला ती ऐकू येत नाही."

शेवटी असं ठरलं, की पहाटे हवा जरा गार असते तेव्हा पंखा बंद ठेवून काम करायचं, आणि दहा वाजले की डिस्क थांबवायची. दर दिवशी ती पुन्हा फिरायला लागेल की नाही हे मात्र तिच्यावर. मी बसस्टँडजवळच्या लॉजवर खोली घेतली.

चार सकाळी आम्ही असे बसलो. मी पडद्यासमोर, त्या खाली सतरंजीवर, लाटणं कानाशी, डोळे मिटलेले. डिस्क जागी झाल्याचा आवाज येईपर्यंत मी मनातल्या मनात कुराणातली आयत म्हणायचो. मग नक्कल सुरू व्हायची. अक्कांचा डावा हात मांडीवर असायचा. तो वर उठला, की मी काम थांबवायचो आणि ती जागा सोडून लांब पुढे उडी मारायचो. थोड्या वेळानं पडद्यावर त्या जागेची चूक उमटायची. पहिल्या सकाळी मी मोजून पाहिलं. अक्कांचा हात पडद्याच्या सहा-सात सेकंद आधी उठत होता. दुसऱ्या दिवसापासून मी पडद्याकडे पाहणं सोडून दिलं. फक्त त्या हाताकडे पाहत होतो.

मी आयुष्यात पुष्कळ भारी यंत्रं पाहिली. पण सतरंजीवर बसलेल्या त्या बाईच्या हाताकडे पाहताना माझ्या अंगावर काटा यायचा. चार बोटांच्या त्या बंद डब्यात एक सुई केसाच्याही कितीतरी पट कमी उंचीवर उडते आहे, तिचा तोल जातो आहे, आणि बाहेर सागवानी लाटण्यातून एका माणसाला ते समजतं आहे! तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "नेमकं काय ऐकू येतं?"

"टेलिफोनच्या बोर्डावर बसायचे तेव्हा समोरचा माणूस खोटं बोलायच्या आधी श्वास घ्यायचा. जरासा वेगळा. तसं." मग हसल्या. "दर वेळी बरोबर नसते हं मी. मागच्या वर्षी म्हटलं होतं, वीज गेली की मशीन धरून ठेवणारा बॅटरीचा डबा आठ दिवसांत जाईल. अजून चालतोय."

चौथ्या सकाळी सोडलेल्या जागांकडे परत गेलो. काही मिळाल्या, काही नाही. नऊच्या सुमारास आतून टक् टक् टक् असा कोरडा आवाज आला, मलाही ऐकू येईल असा. मग डिस्क थांबली, ती पुन्हा फिरली नाही. अक्कांनी लाटणं खाली ठेवलं आणि डिस्कवर तळहात ठेवून जरा बसल्या.

नक्कल बसवून मशीन चालू केलं. दिवसभर बेरजा-वजाबाक्या चालल्या आणि संध्याकाळी संच पुन्हा उभा राहिला. या मशीनवर फाइली मांडणारी व्यवस्था अशी, की काय बिघडलं ते ती नावानिशी सांगते. हजारो फाइलींतून तिनं तीन नावं दिली. त्यातली दोन प्रकरणं मुलांच्या फोनमध्ये सापडली. तिसरं कोणाकडेच नव्हतं. प्रशासनावरच्या एका पुस्तकाचं सहावं प्रकरण, नुकतंच आलेलं, अजून कोणाला दिलेलं नव्हतं. ते वाचणाऱ्या पिंपळनेरच्या गुरुजींचा आवाज आता बसला होता.

अक्कांनी पुस्तक शोधून माझ्यासमोर ठेवलं आणि माइक सरकवला.

"मी?" मी म्हणालो. "अक्का, माझी मराठी मेहरूणची. ळ आणि ण..."

"मी आता रागावते आहे, सलीमभाऊ," अक्का म्हणाल्या. "वाचा."

वाचलं. सव्वा तासाचं प्रकरण मला साडेचार तास लागलं. 'परिशिष्ट' या शब्दानं मला घाम फोडला. अक्का मध्येच थांबवायच्या. "श्वास वाक्याच्या शेवटी घ्या." "इथे कंटाळलात, ऐकू येतं." आयुष्यभर मी लोकांचे आवाज साठवायचे डबे विकले, पण एक पान नीट वाचायला काय लागतं ते मला माहीत नव्हतं. मधे घसा इतका सुकला, की माइक चालू असतानाच मी तांब्या उचलला आणि पाणी प्यालो.

जळगावला परतल्यावर दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं नाही. मेहरूणच्या घरी मशीन बांधलं. यावेळी डिस्का तीन वेगवेगळ्या दुकानांतून आणल्या. तेव्हापासून अक्कांची प्रत रोज तिकडे येते. एक चार दिवसांचं काम मी दीड वर्ष लांबवलं होतं. हे लिहितानाही त्याची लाज कमी झालेली नाही.

मागच्या वर्षी अब्बा गेले. घराच्या कागदावर माझं नाव लावायला एका कार्यालयात गेलो होतो. खिडकीमागे एक तिशीतली मुलगी होती, काळा चष्मा, एका कानात बोलणाऱ्या प्रोग्रामचा इअरफोन. मी म्हणालो, "मॅडम, सोबत कुठलं परिशिष्ट जोडायचंय का?"

तिचे हात कीबोर्डवर थांबले. "पुन्हा म्हणा."

"परिशिष्ट."

"सहावं प्रकरण!" ती जवळजवळ ओरडलीच. शेजारच्या खिडकीतला माणूस वाकून पाहायला लागला. "तुम्ही सहावं प्रकरण ना? तुम्ही अजून तिथंच अडखळता!" ती हसत होती. "आम्ही होस्टेलवर चौघी एकत्र ऐकायचो. अर्ध्यात तुम्ही पाणी पिता ना, तिथे आम्हीही उठून पाणी प्यायचो. परीक्षेच्या हॉलमध्ये त्या प्रकरणावर प्रश्न आला, तेव्हा मला आधी तो घोट ऐकू आला आणि मग उत्तर आठवलं."

तिनं माझे कागद घेतले, अब्बांचं नाव विचारलं आणि टाइप केलं.

बाहेर येऊन पायरीवरूनच मी धुळ्याला फोन लावला आणि अक्कांना सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. त्यांच्याकडे मागे कोणीतरी काहीतरी वाचत होतं, ते त्यांनी थांबवलं.

"ते पाणी मी कापणार होते," अक्का म्हणाल्या. "कापायची जागा लावून ठेवली होती. मग राहू दिलं."